अमेरिकेत नवरा-बायकोने मिळून पहिलं पिस्तूल घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात आम्हाला चौदा वर्षं झाली. गणपतीच्या आरतीनंतर, नाहीतर दिवाळीच्या फराळाला, कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "तुम्ही दोघं नेमबाजीच्या रेंजवर जाता ना? आम्हीही एक घ्यायचं म्हणतोय, दोघांत एक. कोणतं घेऊ?" पोह्यांची बशी हातात धरून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून काढले. मी वकील नाही. कायद्याचा जो भाग लिहिलाय तो तुम्हाला प्रश्न विचारता यावेत म्हणून. सही करण्याआधी आपल्या राज्यातल्या वकिलाशी बोला.

आम्ही एच-१बी आणि एच-४ वर आहोत. घेता येईल का?

नाही. १९९८ पासून केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूकही ठेवता येत नाही आणि काडतूसही. एच-१बी (नोकरी), एच-४ (त्याचा जोडीदार), एल-१ (कंपनीतली बदली), एफ-१ (विद्यार्थी), बी-२ (पर्यटक) सगळे त्यात आले. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हाही ताबाच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑफिसच्या टीमबरोबर सहज रेंजवर जाऊन फोटो टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. पोटात गोळा येतो.

कायद्यात अपवाद आहे: राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर ही मनाई लागू होत नाही. अपवाद खरा आहे, पण ज्याचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत अडकलंय त्याने कुणा मित्राच्या सांगण्यावरून त्या वाटेने जाऊ नये. शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढता येतं, आणि ते ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. माझा सल्ला सरळ आहे. कार्ड हातात येईपर्यंत थांबा आणि तोवर दाराचं कुलूप, मागच्या अंगणातला दिवा आणि अलार्म यांवर पैसे घाला.

एकाचं ग्रीन कार्ड आहे, दुसऱ्याचा व्हिसा आहे. मग?

लग्न नंतर झालं की हे हमखास होतं. नवरा कार्डवर, बायको अजून एफ-१ वर. किंवा उलट. कार्डवाला स्वतःसाठी घेऊ शकतो, पण "दोघांत एक" होऊ शकत नाही. पिस्तूल हातात नसलं तरी हवं तेव्हा घेता येत असेल, तर कायदा त्यालाही ताबा मानू शकतो. म्हणजे तिजोरीचा आकडा दुसऱ्याला माहीत नसावा, किल्ली एकाच्याच खिशात असावी. ज्या घरात एकमेकांच्या फोनचा पासवर्डही ठाऊक असतो तिथे हे पाळणं अवघड आहे. अशा जोडप्यांना मी थांबायलाच सांगते.

नावावर कुणाच्या घ्यायचं?

ज्याच्यासाठी घेताय त्याच्या. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात "खरा खरेदीदार मीच" असं लिहून द्यावं लागतं, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. नागरिक नसाल तर तुमचा एलियन नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला) लागतो, आणि आयडीवर सध्याचाच पत्ता हवा. घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या.

नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला स्वतःच्या पैशाने भेट देणं केंद्रीय कायद्याला चालतं, घेणाऱ्याला मनाई नसेल तर. मनाई असलेल्या माणसासाठी दुसऱ्याने सही करणं हा मात्र गंभीर गुन्हा आहे; २०२२ च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणखी एक: गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फॉर्मवर त्याचा प्रश्न आहे आणि केंद्राच्या लेखी तो अजून अमली पदार्थच आहे. तिथे खोटं लिहू नका.

राज्याराज्यांत मोठा फरक आहे. टेक्ससमध्ये नोंदणी नाही. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट काढावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (शस्त्र ठेवणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, तेही दोघांना आपापलं. कॅलिफोर्नियात आधी सुरक्षेची लेखी परीक्षा, पैसे भरल्यावर १० दिवस थांबणं, आणि राज्याच्या यादीत असलेलीच मॉडेल्स. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावसबहिणीचा सल्ला टेक्ससच्या फ्रिस्कोत चालत नाही.

दोघांत एक पुरतं का?

सुरुवातीला पुरतं, आणि एकच घ्या असं मी म्हणेन. दोघं एकाच यंत्रावर शिकतात, एकाची चूक दुसऱ्याला दिसते. अट एवढीच की ते खरोखर दोघांचं असलं पाहिजे. बहुतेक घरांत काय होतं? नवरा स्वतःच्या हाताला बसणारं घेतो, बायको दोनदा रेंजवर जाते, तिसऱ्यांदा "तू जा" म्हणते, आणि ते त्याचं होऊन जातं.

मग निवड कुणाच्या हाताने करायची?

ज्याचा हात लहान, ज्याच्या मनगटात जोर कमी, त्याच्या. मोठा हात लहान मुठीशी जुळवून घेतो, पण लहान बोटं लांब होत नाहीत. या सगळ्या लिखाणात एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

दुकानात हे असं तपासा. विक्रेत्याला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे अडकवून, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढून, नळी रिकामी दाखवायला सांगा. मग स्वतः पाहा, करंगळी घालून चाचपा. नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी दाबून बसवा. नळी हाताच्या सरळ रेषेत हवी. आता विक्रेत्याच्या परवानगीने तर्जनी चापावर आणा. पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकला तर माप जुळलं. फक्त टोक टेकत असेल, किंवा टेकवण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल, तर ते पिस्तूल तुमच्यासाठी मोठं आहे. "सवय होईल" हे ऐकू नका. पुष्कळ पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागचे बदलता येणारे तुकडे येतात, सगळ्यात लहान तुकडा लावून पाहा.

दुसरी परीक्षा स्लाइडची. नवीन माणूस दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरून, लोणच्याच्या बरणीचं झाकण ओढावं तसं खेचतो. ती हलत नाही, आणि बाई मनात ठरवून टाकते की आपल्यात ताकद नाही. ताकदीचा प्रश्न क्वचितच असतो. पिस्तूल पोटाजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. डाव्या हाताची चारही बोटं आणि तळव्याचा गादीसारखा भाग यांनी स्लाइड वरून घट्ट पकडा. मग स्लाइड ओढू नका; ती तिथेच धरून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला, जोरात, आणि स्लाइड सोडून द्या. पोळीचा उंडा मळताना अंगाचं वजन जसं तळव्यात उतरतं तसं. माझ्या ओळखीच्या साठीतल्या काकू पहिल्या दिवशी रडकुंडीला आल्या होत्या. हे दाखवल्यावर सलग पाच वेळा केलं. तरीही सांधेदुखीमुळे जमत नसेल, तर हलक्या स्लाइडची पिस्तुलं मिळतात, पुढे नावं दिली आहेत.

दोघांपैकी एक डावखुरा असेल तर मॅगझिन सोडण्याचं बटण आणि स्लाइड अडकवण्याची खिट्टी दोन्ही बाजूंना आहे का, ते पाहा. कोणता डोळा जोरकस आहे तेही तपासा. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा असू शकतो, आणि मग गोळ्या डावीकडे का जातात याचं कोडं महिनाभर सुटत नाही.

बाईमाणसाला छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर बरं ना?

आमची पहिली चूक हीच. दुकानातल्या माणसाने नवऱ्याला एक पिस्तूल दिलं आणि माझ्याकडे न बघताच माझ्यापुढे गुलाबी मुठीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर ठेवलं. हातात घेतलं तर मोबाइलपेक्षा जरासं जड. मलाही ते गोड वाटलं. घेतलं. रेंजवर दुसऱ्या गोळीनंतर तळव्याला मुंग्या आल्या, दहाव्या गोळीला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होते. दोन महिन्यांनी निम्म्या किमतीला विकलं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की त्या दोन महिन्यांत मी "मला नाही जमत" असंच समजून चालले होते.

कारण साधं आहे. धक्का शोषून घ्यायला वजन लागतं. चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल मापाचं काडतूस उडवलं की सगळा धक्का हाताला. त्यात घोडा न चढवता ओढायचा चाप पाच किलोच्या आसपास. आजच्या साध्या पिस्तुलाचा अडीच. नळी आखूड, त्यामुळे नेम चुकला की फार चुकतो. छोटं रिव्हॉल्व्हर हे मुरलेल्या माणसाचं हत्यार आहे. रिव्हॉल्व्हरच आवडत असेल तर चार इंची नळीचं, पोलादी, जड घ्या आणि त्यात .३८ च वापरा. घरात ठेवायच्या गोष्टीला हलकेपणाचा काही उपयोग नाही.

गावी काकांकडे .३२ होतं. तेच घेऊ का?

काकांनी .३२ घेतलं कारण भारतात ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, ती प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे बागायतदारांच्या आणि पाटलांच्या घरांतून दिसतं. इथे ती अडचण नाही. इथे .३२ ची काडतुसं महाग आणि शोधावी लागणारी. ९ एमएम सगळीकडे मिळते, सरावाला स्वस्त पडते, आणि सहाशे-सातशे ग्रॅमच्या पिस्तुलातून तिचा धक्का बहुतेकांना झेपतो. नाहीच झेपला तर .३८० (वरच्या .३८ स्पेशलहून वेगळं, पिस्तुलाचं काडतूस). धक्का कमी, पण काडतूस महाग, म्हणून सराव कमी होतो. .४५ किंवा १० एमएमच्या नादी पहिल्यांदा लागू नका.

.२२ पासून सुरुवात करू का?

शिकायला याहून चांगलं काही नाही. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, काडतुसं स्वस्त. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, ते याच .२२ वर. पण घराच्या रक्षणासाठी ती पहिली पसंती नाही. ताकद कमी आणि गोळी न फुटण्याचं प्रमाण जास्त. पहिले दोन-तीन तास रेंजचं भाड्याचं .२२ वापरा, मग ९ एमएमकडे या. ज्यांनी या क्रमाने सुरुवात केली त्यांचे डोळे मिटत नाहीत.

नावं सांगा ना.

सांगते, पण ही भाड्याने घेऊन उडवायची यादी आहे. तिच्यावरून न उडवता खरेदी करू नका.

ग्लॉक १९. १९८८ पासून आहे, ९ एमएम, १५ गोळ्या, रिकामं साधारण सहाशे ग्रॅम. मधलं माप, म्हणून बऱ्याच जोडप्यांचं उत्तर इथेच संपतं. मूठ मात्र जरा ठोकळ्यासारखी.

वॉल्थर पीडीपी एफ. २०२२ मध्ये लहान हात समोर ठेवून काढलेलं. चाप जवळ, स्लाइड ओढायला हलकी. मोठ्या हातालाही चालतं, हे मी नवऱ्याच्या हातावर पाहिलंय. लहान हाताच्या माणसाला मी आधी हेच धरायला देते.

स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. .३८० मध्ये २०१८ ला आलं, ९ एमएममध्ये २०२० ला. बोटांत जोर नसलेल्यांसाठी स्लाइड आणि मॅगझिन भरणं दोन्ही सोपं. आठ गोळ्या. मुठीच्या मागे दाबली जाणारी सुरक्षेची पट्टी आहे; पकड ढिली राहिली तर गोळी सुटत नाही, तेव्हा दोघांनीही तपासून घ्या.

सिग पी३६५ लोकप्रिय आहे, पण ते अंगावर बाळगायला केलेलं छोटं पिस्तूल. पहिलं आणि सामायिक म्हणून त्याच घराण्यातलं लांब मुठीचं बघा.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे. त्यामुळे तिथे १५ गोळ्यांच्या आकड्याला भुलून मोठी मूठ घेण्यात काहीच अर्थ नाही.

रेंजवर पहिल्यांदा जाताना?

आधी वर्ग. एनआरएचा (नॅशनल रायफल असोसिएशन) बेसिक पिस्तूल किंवा तसाच कुठलाही, शक्यतो दोघांनी एकत्र, पण शिकवणारा तिसरा हवा. नवऱ्याने बायकोला शिकवू नये. ड्रायव्हिंगच्या वेळी काय झालं होतं ते आठवा.

कानांत बोळे आणि वर हेडफोनसारखं संरक्षक, दोन्ही. ९ एमएमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, तो एका गोळीतही कानाचं कायमचं नुकसान करतो. चष्मा हवाच. गळा बंद असलेला टी-शर्ट घाला. गरम टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस पिस्तुलासकट वळतो, आणि तो क्षण सगळ्यात धोक्याचा. मंगळसूत्र आत घ्या.

तीन पिस्तुलं भाड्याने घ्या, दोघांनी प्रत्येकातून वीस-वीस गोळ्या. कागदावर कुणाच्या गोळ्या जवळजवळ पडल्या यापेक्षा विसाव्या गोळीला दोघांना एकविसावी हवीशी वाटतेय का, ते बघा. पिस्तुलाला साडेपाचशे डॉलर धरले तर तेवढेच वर्ग, तिजोरी आणि पहिल्या हजार गोळ्यांसाठी बाजूला ठेवा.

मी गरोदर आहे. रेंजवर जाऊ का?

नको. काडतुसातलं शिसं बंदिस्त रेंजच्या हवेत उडतं आणि ते बाळापर्यंत पोचतं. आवाज पोटातल्या बाळालाही लागतो, त्याच्या कानांत बोळे घालता येत नाहीत. अंगावर पाजताय तर डॉक्टरांना विचारा. आणि घरात रांगतं बाळ असेल तर रेंजवरून आलेल्या माणसाने बूट बाहेर, कपडे वेगळे धुवायला, हात थंड पाण्याने आणि साबणाने, मगच बाळाला उचलायचं. आमच्याकडे हा नियम मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत एकदाही मोडला नाही.

घरात ठेवायचं कुठे? मुलं आहेत, आणि उन्हाळ्यात आई-बाबा येतात.

चटकन उघडणाऱ्या छोट्या पोलादी तिजोरीत, भिंतीला किंवा पलंगाला पक्की केलेली. उशाखाली, कपाटात साड्यांच्या मागे, देवघराच्या खालच्या खणात, यातलं काहीही चालणार नाही. मुलांना दिवाळीची भेट कुठे लपवली ते दोन तासांत सापडतं. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं पिस्तूल ठेवणं हा गुन्हा आहे, इतर अनेक राज्यांतही.

आई-बाबांची गोष्ट वेगळी. ते बी-२ वर येतात, म्हणजे कायद्याने त्यांना ताबा चालत नाही. आणि सहा महिने राहणारी आई कपाट आवरते, यात तिचा काही दोष नाही. ते येण्याआधी तिजोरीचा आकडा बदला. घरात पिस्तूल आहे हे त्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण नातवंडांना सांभाळणाऱ्या माणसाला अंधारात ठेवणं मला पटत नाही.

एक कठीण गोष्टही बोलायला हवी. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले, त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरात कुणाला नैराश्य असेल, नोकरी गेली असेल, बाळंतपणानंतर मन थाऱ्यावर नसेल, तर खरेदी पुढे ढकला. आधीच घेतलं असेल तर काही काळ घराबाहेर ठेवायची सोय करा. ती राज्याच्या कायद्यात बसते का ते विचारून घ्या. ९८८ हा आत्महत्येचे विचार आणि मानसिक संकट यांसाठीचा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो.

दोघं वापरणार, तर काय ठरवून ठेवायचं?

तिजोरीत ते कायम एकाच स्थितीत असेल: भरलेलं तर भरलेलं, रिकामं तर रिकामं. काल साफ करताना नवऱ्याने रिकामं केलं आणि सांगितलं नाही, असं होता कामा नये. मुठीचा तुकडा लहान हाताचा लावलाय तो कायम तोच.

एकमेकांना देताना: मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, स्वतः बघा, मग द्या. घेणारा पुन्हा स्वतः बघतो. "आत्ताच बघितलं मी" हे वाक्य आमच्या घरात चालत नाही, आणि त्यात विश्वासाचा प्रश्न कुणी काढत नाही.

रात्री खुडबुड ऐकू आली तर कोण ९११ लावणार, कोण मुलांच्या खोलीकडे जाणार, हे दिवसा बोलून ठेवा. शोधायला बाहेर कुणीच जायचं नाही. इथली भिंत म्हणजे आपली विटांची नव्हे. दोन पातळ पत्र्यांसारखे जिप्समचे तक्ते, मधे पोकळी. ९ एमएमची गोळी असल्या दोन-तीन भिंती पार करते. पलंग कुठे, मुलांची खोली कुठे, टाउनहाउसमध्ये शेजाऱ्यांची कुठे, हे कागदावर काढून बघा. घरासाठी फुगणाऱ्या टोकाची गोळी वापरतात त्याचं हे एक कारण. तरी चुकलेली गोळी भिंतीपलीकडे जातेच.

एकाला मनापासून नको असेल तर?

तर घेऊ नका. समजूत काढून आणलेलं पिस्तूल दुसरा माणूस कधीच नीट शिकत नाही.

खंडेनवमीला पूजेत ठेवलं तर?

ठेवा, आम्ही ठेवतो. रिकामं, स्लाइड मागे अडकवलेली, मॅगझिन आणि काडतुसं तिजोरीत. हळदीकुंकू कागदावर वाहा, नळीत जाऊ देऊ नका. पाहुणे यायच्या आत परत आत.

भारतात जाताना काय काळजी घ्यायची?

पिस्तूल नेण्याचा विचारही नको. खरी भीती एका सुट्या काडतुसाची आहे. रेंजवर नेलेली पाठीवरची बॅग वर्षभराने प्रवासाला काढली जाते, तळाच्या शिवणीत एक काडतूस अडकलेलं असतं, आणि भारतातल्या विमानतळावर एक्स-रेत ते दिसतं. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. ते जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे सिद्ध होऊन अशी प्रकरणं न्यायालयांनी रद्दही केली आहेत, पण तोवर सुट्टी, तिकीट आणि लग्नाचा मुहूर्त निघून गेलेला असतो. रेंजची बॅग वेगळी ठेवा. आमची लाल आहे, तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत "प्रवास नाही" लिहिलंय, आणि ती गॅरेजच्या कपाटातून फक्त गाडीच्या डिकीत जाते.